बेचाळिसाव्या वर्षी पीएचडी?

‘मॅडम, या वयात पीएचडीला बसले तर लोक हसतील का हो?’ पंचायत समितीत विस्तार अधिकारी असलेल्या एका ताईंचा हा पहिला प्रश्न. (ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.) वय 42, लोकप्रशासनात एम.ए., धाकटा दहावीला. पीएचडीचा सल्ला विचारायला येणाऱ्यांकडून वयाचा प्रश्न नेहमी येतो आणि बहुतेकदा त्याच्या आड दुसरंच काही असतं.

ताईंना धास्ती होती नोकरी सोडावी लागण्याची. तशी गरज नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते. कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र मात्र लागतं. मुदत किमान 3 वर्षं, कमाल 6. पुनर्नोंदणी केली तर आणखी 2 आणि महिलांना त्यावर 2. ‘म्हणजे पन्नाशी उलटणार!’ त्याच हसल्या.

‘पदोन्नतीला उपयोग होईल?’ ज्येष्ठता यादीत नाव वर सरकणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. इथे काही जण उठून जातात. गेलेले बरे, असं माझं मत.

ताई बसून राहिल्या. फाइलमधून कागद काढला : ‘ग्रामीण विकासात ग्रामपंचायतींची भूमिका : एक अभ्यास’. या शीर्षकाच्या पोटात अख्खा महाराष्ट्र मावेल! मी कागद उलटा ठेवला. विचारलं, ‘ग्रामपंचायतींचं दप्तर तपासताना सगळ्यात जास्त चीड कशाची येते?’

मग मात्र त्या थांबेचनात. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मोजक्या माणसांत ठराव मंजूर. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे बायका पाण्याचं, अंगणवाडीच्या वाटेचं बोलतात. ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्यातलं अक्षर नसतं. ‘दोन्ही इतिवृत्तं एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेली. शाईवरून कळतं मला.’

महिला सभेतलं किती बोलणं ग्रामसभेच्या ठरावापर्यंत पोचतं, तेही एकाच तालुक्यात. विषय ठरला.

तालुका मात्र दुसरा घ्या, म्हटलं. तपासायला येणाऱ्या मॅडमना ग्रामसेवक खरं कशाला सांगेल? शिवाय नोकरीत पाहिलेलं दप्तर प्रबंधात तसंच घेऊ नये, लेखी परवानगी काढावी. आणि मार्गदर्शकांना आधी दोन गोष्टी विचाराव्यात : जागा रिकामी आहे का (प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगींना 6, सहायकांना 4 विद्यार्थी) आणि निवृत्ती कधी. सेवेची 3 वर्षंही उरली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे न विचारल्याने वर्ष फुकट गेलेले मी पाहिले आहेत.

ताईंचं कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम, झालं. गेल्या महिन्यात फोन आला, निवडलेल्या एका गावात महिला सभेचं रजिस्टरच सापडत नाही.

‘हे गाव वगळू का?’

‘अजिबात नको,’ मी म्हटलं. ‘कोण काय कारण सांगतंय, तेवढं लिहून घ्या.’