नवरा स्टॉकहोमला जॉबला आहे, मी डिपेंडंट परमिटवर आलेय, मला फुकट स्वीडिश क्लास मिळेल का?

हो मिळेल, डिपेंडंट असलात तरी एसएफआय (परदेशातून आलेल्यांसाठीचा सरकारी स्वीडिश क्लास) फुकटच आहे, मीपण तशीच शिकले. आधी स्काटेवर्केटकडे (म्हणजे टॅक्स ऑफिस) नोंदणी करून पर्सोननुम्मेर (म्हणजे इथला ओळख क्रमांक) घ्या, मग ज्या कोम्यूनमध्ये राहता (म्हणजे आपली नगरपालिका) तिच्याकडे अर्ज टाका. लेव्हल बघायला बोलावतात, तिथे डिग्री झालीय हे नक्की सांगा म्हणजे बहुतेक तिसऱ्या ट्रॅकला (जास्त शिकलेल्यांची जलद बॅच), ए ते डी कोर्सपैकी थेट सी कोर्सला बसवतात, नाहीतर उगाच संथ बॅच पदरी पडते. नियमाने 3 महिन्यांत क्लास सुरू व्हायला हवा. संध्याकाळची किंवा ऑनलाइन बॅच आहे का तेही विचारून घ्या. फक्त परमिट वर्षापेक्षा कमी असेल तर पर्सोननुम्मेर सहसा मिळत नाही, मग एसएफआयपण अवघड.