शिक्षा झालेले आरोपी हायकोर्टातून 'तांत्रिक कारणावरून' कसे सुटतात?

तुम्ही विचारलंय की, गुन्हा केला की नाही हे सोडून हायकोर्ट पंचनाम्यातल्या चुका आणि साक्षीदारांच्या तारखा का बघत बसतं, आणि एवढ्यावरून शिक्षा रद्द करणं हा पीडितांवर अन्याय नाही का.

मी मुंबईत फौजदारी अपिलं चालवतो. त्यातली बरीचशी तुरुंगातून आलेली, वकील परवडत नाही अशा कैद्यांची असतात. 'तांत्रिक कारण' हे शब्द ऐकले की मला मनापासून वाईट वाटतं. गुन्हा घडताना न्यायाधीश तिथे नसतात. त्यांच्यापुढे येतात ते कुणाचा तरी जबाब, आरोपीकडे दाखवलेलं एक बोट आणि लाखेचं सील लावलेलं पाकीट. ते सील मोडलेलं असेल, तर आतली वस्तू आरोपीच्या घरातून आली की पोलीस ठाण्यातल्या कपाटातून, हे सांगायला दुसरं साधनच उरत नाही.

ओळखपरेडचंच बघा. साक्षीदाराने गुन्हेगाराला क्षणभर पाहिलेलं असतं. म्हणून एका आरोपीसोबत त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसं उभी करायची, परेड पोलिसांनी घ्यायची नाही, आणि तोवर आरोपीचा चेहरा साक्षीदाराला दिसू द्यायचा नाही, असे नियम आहेत. आरोपी आधीच ठाण्यात दाखवला गेला असेल, तर आपल्याला आठवतोय तो चेहरा नेमका कुठे पाहिलेला, हे साक्षीदारालाही कळत नाही. तो खोटं बोलत नसतो. शपथेवर, पूर्ण खात्रीने चूक करत असतो, आणि अशा माणसाची चूक उलटतपासणीत पकडणं सर्वांत कठीण.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा खास कायदा) खालच्या विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखलं, ते शंभरहून अधिक दिवस गप्प होते. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. कबुलीजबाबांतले काही भाग शब्दशः सारखे होते आणि मारहाणीच्या तक्रारी न्यायालयाला खऱ्या वाटल्या. कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हेही सरकारी पक्ष सिद्ध करू शकला नाही. सांगा, यातलं 'तांत्रिक' काय आहे? (राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.)

कबुलीजबाबाबद्दल थोडं सांगतो. साध्या खटल्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. मोक्कात पोलीस अधीक्षक (मुंबईत उपायुक्त) दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली चालते. एवढी मोठी सूट दिल्यावर ती कबुली कशी घेतली, हे कोर्टाने बारकाईने बघायलाच हवं.

पीडितांवर अन्याय होतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त तो निकालाच्या दिवशी होत नाही. तपासाच्या पहिल्या काही दिवसांतच होऊन गेलेला असतो. नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं खून आणि बलात्काराचं प्रकरण घ्या. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकली आणि मार्च २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कारण घटनेनंतर दोनच दिवसांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ही गोष्ट दाबून ठेवली गेली होती. सुटलेल्यांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश झाला. असे पैसे हक्काने मागता यावेत यासाठी कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७व्या अहवालात केली आहे.

आणि ज्या चौघांना त्या साक्षीदाराने ओळखलं होतं, त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही. त्या कुटुंबाला न्याय नाकारला तो या तपासाने.