रजिस्टरात अजून ‘बाहेर’ असलेलं पुस्तक

परळ, मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘काकू, मी प्रेमकथा लिहिते हे ऑफिसात कळलं तर सगळे हसतील’ या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले. मला इंग्रजी प्रेमकथा लिहिणारी बेटी नील्स आठवली.

तू हे नाव ऐकलं नसशील. आमच्या लायब्ररीत दाराजवळच्या मांडणीवर मिल्स अँड बूनची पुस्तकं असायची, निम्मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेली, सगळ्यांना खाकी कव्हरं. केईएमच्या, टाटाच्या सिस्टर ड्युटी संपवून यायच्या आणि चपला काढायच्या आधीच विचारायच्या, ‘नील्सचं नवीन आलं का?’ २००१ च्या जूनमध्ये नील्स गेली. इथल्या पेपरात मी तरी बातमी पाहिली नाही. खूप दिवसांनी एका सिस्टरनंच सांगितलं. तिच्या हातात नील्सचंच पुस्तक होतं, परत करायला आणलेलं. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. आमच्या रजिस्टरात ते पुस्तक अजून ‘बाहेर’ आहे.

नील्स स्वतः नर्स होती. दुसऱ्या महायुद्धात तिनं सैन्यात शुश्रूषा केली, एका डच माणसाशी लग्न केलं, काही वर्षं हॉलंडमध्ये संसार केला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एकदा लायब्ररीत तिच्या कानावर एका बाईची तक्रार पडली, की चांगल्या प्रेमकथा हल्ली मिळतच नाहीत. तेवढ्यावर ती लिहायला बसली. १९६९ मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा ती साठीच्या घरात होती. नंतरच्या तीसेक वर्षांत एकूण १३४ कादंबऱ्या! म्हणजे वर्षाला चार. आणि तू सव्विसाव्या वर्षी विचारतेस, उशीर झाला का.

त्या तक्रारीचा विचार माझ्या मनातून जात नाही. तशा तक्रारी मी काउंटरवर पस्तीस वर्षं ऐकल्या. मी पुढचं पुस्तक काढून दिलं, ती घरी जाऊन लिहायला लागली. तुझ्याभोवतीही कुणीतरी काहीतरी मागत असेल. लोकलच्या डब्यात, कँटीनमध्ये, घरी. ते ऐकू आलं की तुला वाचक सापडला, मग हसणाऱ्यांची आठवणसुद्धा राहणार नाही.

‘माझ्या सगळ्या गोष्टी सारख्याच होतात’ असं लिहिलंयस. नील्सच्याही व्हायच्या. साधीसुधी, मेहनती नर्स. धिप्पाड, कमी बोलणारा डच डॉक्टर. एखादा कुत्रा, एखादं मांजर आणि पानापानावर चहा. आमच्या सिस्टरना शेवट पहिल्याच पानावर ठाऊक असायचा. तरी त्या तिच्यावर विश्वास ठेवायच्या, कारण तिला वॉर्ड माहीत होता. दुसऱ्या एका लेखिकेचं पुस्तक एकीनं अर्धवट परत आणलं होतं. ‘काकू, हिची नर्स नाइट करून सकाळी थेट फिरायला जाते. हिचे पाय दुखत नाहीत?’ नील्सची नर्स दमायची. तिला भूक लागायची, तिचे केस विस्कटायचे, महिनाअखेर पैसे पुरायचे नाहीत. प्रेम व्हायचं ते या सगळ्यातून. सारखेपणाची भीती सोड, खोटेपणाची बाळग.

तिचं सगळंच घे असं मात्र मी म्हणणार नाही. तिचे नायक बरेचदा नायिकेहून खूप मोठे, श्रीमंत, आणि लग्न ठरलं की बहुतेक नायिका नोकरी सोडून मोकळ्या होतात. आमच्या सिस्टर पगारावर घर चालवायच्या, भावंडांची शिक्षणं करायच्या. त्यांना हे खटकायचं आणि त्या बोलूनही दाखवायच्या. त्यांना आवडेल अशी, लग्नानंतरही ड्युटीवर जाणारी नायिका तू लिही. ती नील्सनं फारशी लिहिली नाही.

आता तुझ्या पाठवलेल्या प्रकरणाविषयी. संवाद छान जमलेत, आईचा अबोला तर फारच. पण तुझी नायिका सकाळी पावणेनऊला डोंबिवलीला गाडीत चढते आणि खिडकीत बसून त्याचा मेसेज वाचते. त्या वेळी डोंबिवलीला खिडकी? उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. हवी तर तिला अर्धा तास आधी घरातून काढ, उलटी कल्याणला जाऊ दे आणि तिथून बसून येऊ दे. एका मेसेजसाठी ती रोज अर्ध्या तासाची झोप मोडते, हे कळलं की तुला ते ‘तिचं त्याच्यावर खूप प्रेम होतं’ वाक्य लिहावंच लागणार नाही. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे.

सोबत नील्सची दोन पुस्तकं पाठवते. पानं सुटली आहेत, जपून उघड. ते लोकलचं प्रकरण नव्यानं लिहून गणपतीआधी पाठव.

तुझी,
लायब्ररीवाली काकू