सीएनसी राउटर चालता चालता थांबतो, हँडलची बटणंही चालत नाहीत. कंट्रोलर बदलावा का?

इतक्यात नको. तुमचा चार बाय आठचा राउटर डीएसपी हँडलवर (हातात धरायचा, बटणं-स्क्रीनवाला कंट्रोलर) चालतो, एमडीएफ कापताना मध्येच उभा राहतो, बटणं दाबून उपयोग होत नाही आणि मेन बंद-चालू केला की काही झालंच नाही असा पुन्हा चालतो. मी फर्निचरवाल्यांच्या अशाच मशिनी दुरुस्त करतो. बंद-चालू केल्यावर ताळ्यावर येणारा कंट्रोलर सहसा जळलेला नसतो, विकणारा काहीही म्हणो.

पुढच्या वेळी अडकला की आधी स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) तेवढा व्हीएफडीवरून (त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) थांबवा आणि मेनला हात लावू नका. मेन बंद केला की पुरावाच पुसला जातो. हँडलचा स्क्रीन बघा. आकडे पळतायत पण गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी आडवी कमान) जागची हलत नाही, तर हँडल त्याचं काम करतोय. गॅन्ट्रीच्या मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हवर लाल दिवा लागलाय का ते पाहा. स्क्रीन जिवंत आहे पण लिमिट किंवा इमर्जन्सीचा मेसेज आहे, तर मशीन मुद्दाम अडून बसलंय. आणि स्क्रीन गोठलाय किंवा कोरा आहे, तर २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), हँडलची ५० पिनची केबल आणि इलेक्ट्रिकल नॉइज (वायरींमध्ये घुसणारे नको ते सिग्नल) हे तीन संशयित.

गॅन्ट्री कुठे थांबली तेही लिहून ठेवा. बेडच्या त्याच कोपऱ्यात थांबत असेल तर केबल चेनमधली (वायरी सांभाळणारी हलती साखळी) वायर आतून तुटलेली असते. बाहेरून प्लास्टिक धडधाकट दिसतं, पण चेनच्या वळणावर बोटांनी दाबलं की वायर तिथे नरम लागते. मशीन थांबवून ती हलवा आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरचा (गॅन्ट्री टोकाला आली की कळवणारा) छोटा दिवा लुकलुकतो का बघा. फाइलच्या त्याच ओळीला थांबत असेल तर पेनड्राइव्ह किंवा फाइल. कुठेही, केव्हाही थांबत असेल तर माझा संशय नॉइजवर.

नॉइज ओळखायला तीच फाइल झेड (स्पिंडलची उंची) उंच करून हवेत चालवा, व्हीएफडीचा एमसीबी पाडून. पूर्ण झाली तर पुन्हा चालवा, स्पिंडल चालू ठेवून, माल न लावता. मग डस्ट कलेक्टरही चालू करा. ज्या पायरीला अडकेल तिथे दोष. यात अर्धा दिवस जातो, पण नवीन हँडलपेक्षा स्वस्त पडतो.

स्पिंडल चालू होताच अडकत असेल तर व्हीएफडी ते स्पिंडलची केबल शील्डेड आहे का आणि शील्ड अर्थला जोडलेलं आहे का बघा. ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम देणारा व्हीएफडी व्होल्टेजचे तुकडे करून पाठवतो, आणि साधी वायर ते सगळं शेजारच्या सेन्सरच्या वायरवर फेकते. दोन्ही एकाच चेनमधून जात असतील तर सेन्सरची वायर तरी शील्डेड घ्या. पॅनल उघडण्याआधी मेन पाडा आणि व्हीएफडीचा दिवा विझल्यावरही दहा मिनिटं थांबा; आतले कपॅसिटर भरलेले असतात.

अर्थिंगचं मात्र मनावर घ्याच. बऱ्याच वर्कशॉपमध्ये ईएलसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी अर्थची वायरच काढून ठेवलेली सापडते! मशीन बंद असताना मल्टीमीटरने बॉडी ते पॅनलची अर्थपट्टी मोजा, एक ओहमच्या आत यायला हवं. पट्टीपासून पुढे खड्ड्यापर्यंतचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कलेक्टर लावल्यावरच अडकत असेल तर प्लास्टिकच्या होजमध्ये भुसा घासून स्टॅटिक तयार होतंय. थंडीत हवा कोरडी झाली की हा त्रास वाढतो. होजच्या आतून उघडी तांब्याची तार ओढून बॉडीला बांधा.

इमर्जन्सीचं लाल बटण फिरवून वर आलं म्हणजे सुटलं असं नाही. मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक भुशाने अडकतो किंवा निसटतो. तो काढून फुंकर मारा, मीटरवर कंटिन्युइटी बघा.

एवढं करूनही अडकलाच तर ओळखीच्या कोणाकडून त्याच मॉडेलचा हँडल दोन दिवस मागून लावा. त्याआधी तुमच्या हँडलमधल्या प्रत्येक सेटिंगचे फोटो काढा, विशेषतः पल्स इक्विव्हॅलंटचे (किती पल्सला मशीन किती सरकतं तो आकडा). ते आकडे जुळले नाहीत तर मशीन चालेल, पण दोन फुटांचं दार भलत्याच मापाचं कापेल.