वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपले पळवाचं कसं?

प्रश्न : माह्याकडं थिंकपॅड टी-४२ हाये, १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम, रॅम ५१२ एमबी. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याजवळ हिशेबाले ठेवला हाये. सकाळी बरा चालते पण दुपारी एवढा रेंगते का पावती निघेपर्यंत गाडीवाले बोंबलतात. मित्र म्हणते प्रोसेसरखाली वायर टाकली का २.१३ होते. टाकू का?
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर : भाऊ, वायरचं नंतर बघू, आधी पंखा उघडा. सकाळी बरा अन् दुपारी रेंगतो हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे प्रोसेसर कमजोर नाही, तो तापतोय. पेंटियम एम जास्त तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, आणि त्याचा सगळ्यात खालचा गिअर ६०० मेगाहर्ट्झचा आहे. जिनिंगजवळचाच एक लॅपटॉप मागच्या मे महिन्यात माझ्याकडे आला होता, कीबोर्ड काढून पंखा बाहेर घेतला तर धातूच्या पातळ पट्ट्यांसमोर रुईचा असा थर बसलेला की चिमट्यानं ओढल्यावर गोधडीतून कापूस निघावा तसा अख्खा तुकडाच बाहेर आला, हवा जायला सुईएवढी जागा नव्हती. खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता धातूकडे नेणारा लेप) वाळून चुन्यासारखी झालेली, नखानं पापुद्रे निघत होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

आता वायर. मित्र खोटं नाही बोलत. या प्रोसेसरचा गुणक १६ आणि बसचं, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याचं, मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं (तेच चौपट करून ४०० ची बस म्हणतात), म्हणून १६०० मेगाहर्ट्झ. सॉकेटच्या ठरावीक भोकांत केसाएवढी वायर टाकून पिना जोडल्या की बोर्डाला वाटतं घड्याळ १३३ चं आहे, मग १६ गुणिले १३३, झाले २.१३ गिगाहर्ट्झ. पण हे जमतं ते ९१५ चिपसेटवर (चिपसेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप), तो ५३३ ची बस धरतो. तुमच्या टी-४२ मध्ये ८५५ आहे, तो ४०० च्याच बससाठी बनवलाय, जबरदस्ती केली तर मशीन सुरूच न होण्याची पाळी येते, आणि वायर एक भोक चुकली तर बोर्डच जाऊ शकतो. सीझनमध्ये काट्यावरच्या मशीनशी हा खेळ मी तरी करू देणार नाही.

स्पीड हवाच असेल तर भंगारातल्या लॅपटॉपमधून पेंटियम एम ७५५ शोधा. २ गिगाहर्ट्झचा, बस ४०० चीच, त्याच सॉकेटात बसतो, चपट्या पेचकसानं लॉक अर्धा फेरा फिरवला की जुना सुटतो. त्याच्याही आधी रॅम वाढवा, ५१२ फार कमी आहे. टी-४२ दोन जीबीपर्यंत घेतो, दुकानात डीडीआर पीसी२७०० म्हणून मागा, डीडीआर-२ त्यात बसत नाही.

प्रश्न : टी-४२ मधल्या आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) लागते का? दुकानदार नाही म्हणते.
– एक वाचक, दिग्रस

उत्तर : लागते. ४४ पिनचा आयडीई-एमसॅटा अडॅप्टर मिळतो, त्यावर एमसॅटा, म्हणजे छोट्या कार्डासारखी, एसएसडी बसवायची. आयडीईची हद्द सेकंदाला १०० एमबीची आहे पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका, जुन्या डिस्कचा वेळ माहिती वाचण्यापेक्षा वाचणारं मुंडकं इकडून तिकडं नेण्यात जातो आणि एसएसडीत ती भानगडच नाही, फरक पहिल्या दिवशी दिसतो. १२८ जीबीच्या वर जाऊ नका, बरेच जुने बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) १३७ जीबीच्या पुढचं ओळखत नाहीत. पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) विंडोज एक्सपीच्या सीडीनं करू नका, ती ६३ व्या सेक्टरपासून (डिस्कच्या छोट्या कप्प्यापासून) सुरू करते आणि एसएसडीला ते सोसत नाही, लिनक्सच्या पेनड्राइव्हनं २०४८ पासून करा. आणि अडॅप्टर लावताना १ नंबरची पिन दोनदा बघा, उलटा लागला तर जळतो.

प्रश्न : माझ्याकडे ४८६ चा (पेंटियमच्या आधीच्या प्रोसेसरचा) लॅपटॉप आहे, डॉसवरचे जुने हिशेब त्यात आहेत. याचा वेग वाढेल का?
– एक निवृत्त शिक्षक, वरुड

उत्तर : वाढेल गुरुजी, पण आधी उघडून घड्याळाची बॅटरी बघा. त्या काळच्या कित्येक मशीनमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डावरच असायची, ती फुटून पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाते. संत्र्यावर मारायला बोर्डो मिश्रण करताना मोरचूद बघितलाच असेल, तशा हिरव्या-निळ्या रंगाचं काही दिसलं तर बॅटरी काढून टाका, पांढऱ्या व्हिनेगरनं पुसा, मग अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्या.

वेगासाठी हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांत असायचं ते मेमरी कार्ड) लावा. हे कार्ड स्वतःच आयडीईची भाषा बोलतं, अडॅप्टरवर नुसत्या तारा असतात. ४८६ च्या काळातले बहुतेक बायोस ५०४ एमबीपर्यंतच बघतात म्हणून ५१२ एमबीवालं कार्ड घ्या, कार्डावरचे एमबी हजाराच्या हिशेबाचे आणि बायोसचे १०२४ च्या, त्यामुळे प्रत्यक्षात ते या हद्दीत बसतं. जुनी हार्डडिस्क फिरतेय तोवर हिशेबाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कार्ड पुढच्या रविवारी लावलं तरी चालेल.