नोकरी, घर आणि मंडळीची (चर्चची) कामं सांभाळून रोज प्रार्थनेला वेळ कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की सकाळी साडेसातची लोकल, घरी दोन मुलं, रविवारी संडे स्कूल, आणि पाळकसाहेब सांगतात की पहाटे पाचला उठून तासभर गुडघे टेका. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी बंद पडतं.

बंद पडणारच. रात्री बाराला अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याने पाचचा गजर लावला तर गुडघ्यांवर डुलक्या येतात, आणि वर अपराधी वाटत राहतं ते वेगळंच. पहाटेसाठी सगळे मार्कच्या शुभवर्तमानातलं १:३५ दाखवतात, जिथे प्रभू येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करतो. पण मार्क ६:४६ मध्ये प्रभू लोकांना निरोप देऊन दिवस कलताना डोंगरावर जातो, आणि लूक ६:१२ मध्ये अख्खी रात्र प्रार्थनेत घालवतो. वेळ तीन ठिकाणी तीन, एकांत तिन्हीकडे. म्हणून घड्याळाच्या मागे लागू नका, आधी जागा आणि खुंटी ठरवा.

खुंटी म्हणजे रोज न चुकता होणारं एखादं काम, ज्याला प्रार्थना बांधायची. दूध तापलं, गॅस बंद केला, की तिथल्याच खुर्चीवर बसायचं. ही खुंटी पक्की. 'मुलं शाळेत गेल्यावर' ही कच्ची, कारण मे महिन्यात ती उरतच नाही. बारा मिनिटं ठरवा आणि पहिले सहा आठवडे, कितीही उत्साह आला तरी, वाढवू नका. उत्साहात वाढवलेली वेळ पहिल्याच आजारपणात सगळ्या सवयीसकट जाते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पवित्र शास्त्र (बायबल) कागदाचंच घ्या. ॲपमध्ये स्तोत्र उघडलं की वरून सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज डोकावतो आणि मन गेलंच म्हणून समजा.

सुरुवात स्वतःच्या शब्दांनी करू नका. थकलेल्या डोक्याला शब्द सुचत नाहीत आणि मग तीच तीन वाक्यं फिरत राहतात. एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचा. बायबलमध्ये स्तोत्रं १५० आहेत. ११९ वं १७६ ओव्यांचं (वचनांचं) आहे, पण त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग आधीच पडलेले आहेत, ते रोज एक घ्या. ७८ सारखी लांब स्तोत्रंही तोडून घ्या. साधारण सहा महिन्यांत सगळी होतात.

मग प्रभूच्या प्रार्थनेतली, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली, एकच मागणी घ्या. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला, पेत्रला, प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं होतं. तो माणूसही दिवसभर गिऱ्हाइकांत असायचा. ल्यूथर दहा आज्ञांसाठी चार पदरांची वेणी सांगतो: शिकवण, आभार, पापांगीकार, विनंती. ती मागण्यांनाही चालते. 'आमची रोजची भाकर' घ्या. शिकवण अशी, की मागायला आजच्यापुरतं सांगितलंय, पुढच्या वर्षाच्या हप्त्यांचं नाही. आभार मानताना नुसतं 'सर्व आशीर्वादांबद्दल' म्हणू नका. डब्यात मेथी असेल तर मेथीचं नाव घ्या. पापांगीकारात, ती भाकर थापणाऱ्या हातांवर काल ओरडलात का, घरकामाच्या मावशींचे पैसे थकवलेत का, हे येऊ द्या. विनंती, ज्या शेजाऱ्याची नोकरी गेली त्याच्यासाठी. एवढ्यात चार-पाच मिनिटं भरतात. मध्येच एखाद्या विचाराने मन धरलं तर उरलेलं खुशाल सोडा, ल्यूथरने हेही सांगितलंय.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेच्या, यादीत लोक हमखास फसतात. आजारी, परीक्षा देणारे, मिशनरी असं करत साठ नावं होतात आणि मग यादीची नुसती हजेरी घेतली जाते. आठवड्याच्या सात दिवसांवर वाटा, रोज पाचांच्या वर नावं नकोत. वहीत तारीख घाला आणि समोर जागा कोरी ठेवा, उत्तर लिहायला. 'नाही' हेही उत्तर तिथेच लिहायचं.

गर्दीच्या लोकलमध्ये पुस्तक उघडत नाही, तिथे पाठ असलेलंच कामाला येतं. स्तोत्र २३ सहा ओव्यांचं आहे, रोज एक धरली तर आठवड्यात पाठ होतं. घरच्या प्रार्थनेला जेवणाआधी सात मिनिटं पुरतात: रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद, चार ओव्या, प्रत्येकाची एकेक ओळ. आणि कृपा करून प्रार्थनेत मुलांना टोमणे मारू नका. 'प्रभू, या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे' हे मुलाला बरोबर कळतं.

चुकलेल्या दिवसाची भरपाईही करायची नाही. कालची बारा आज जोडली की चोवीसचं ओझं होतं आणि सगळंच सुटतं.

आता 'काम हीच प्रार्थना' म्हणणाऱ्यांबद्दल. माझ्या थोरल्या भावाचा हाच पक्ष आहे आणि आमचा हा वाद वर्षानुवर्षांचा आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. मार्कचा पहिला अध्याय ३८ व्या ओवीपर्यंत वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं, सकाळी शिष्य शोधत येतात, 'सगळे तुझा शोध करत आहेत.' काम समोर उभं होतं, आणि चांगलं काम होतं. प्रार्थनेतून उठलेला प्रभू तिकडे परत न जाता आसपासच्या गावांत जाऊ या म्हणतो. प्रार्थनेत कामांची यादी बदलली. ज्याचं काम हीच प्रार्थना, त्याला यातलं कुठलं काम आपलं नाही हे कोण सांगणार? मंडळीच्या तीन समित्यांवर असणाऱ्यांना तर हे आधी लागू आहे. एक समिती सोडा, बारा मिनिटं तिथेच सापडतील.

हे सगळं ज्यांच्या हातात दिवसाचे दोन-तीन तास तरी आहेत त्यांच्यासाठी. तान्हं बाळ असलेली आई, रात्रपाळीची नर्स, घरात नुकतंच कोणी गेलेले लोक यांनी खुंट्या आणि वह्या बाजूला ठेवाव्यात. त्यांनी प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांतही ही रीत होती. तेही जमत नसेल तर आपल्या वतीने ती म्हणायला मंडळीतल्या एखाद्याला सांगावं.