टेकडी सोडण्याआधी

मुली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टेकडीवरची निम्म्याहून जास्त रोपं उन्हाळ्यात गेली आणि तू विचारतेस, पुस्तकातलं सगळं केलं तरी असं का? तुला आज जुने जर्मन वनशास्त्रज्ञ हाइनरिश कोट्टा यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं.

१७६३ साली जर्मनीतल्या थुरिंगियात, त्सिलबाखजवळ, जंगल राखणाऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. काम वडिलांकडे शिकले, पुढे थोडं येना विद्यापीठात. ते जंगलाची मोजणी करायला निघत, तेव्हा शिकायला पोरं सोबत येऊ लागली. त्यातूनच १७९५ मध्ये त्सिलबाखला वनशाळा उभी राहिली. आधी जंगल, मग शाळा. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. १८११ मध्ये सॅक्सनी या जर्मन राज्याच्या राजाचं बोलावणं आलं आणि ते ड्रेस्डेनजवळच्या थारांटला गेले. तिथे आजही वनशास्त्र शिकवलं जातं.

सॅक्सनीच्या सरकारी जंगलांची त्यांनी मोजणी करवली, कक्ष म्हणजे जंगलाचे आखीव तुकडे पाडले, उघड्या पडलेल्या जमिनीवर झाडं उभी करण्याची रीत बसवली. आणि एवढं करणाऱ्या माणसाने १८१७ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत काय कबूल करावं? की पूर्वी वनशास्त्र नव्हतं आणि लाकूड भरपूर होतं. आता शास्त्र आहे, पण लाकूड नाही! शास्त्र मागे का, याची कारणंही ते देतात. झाड वाढायला फार काळ लागतो. प्रत्येक जागा वेगळी. आणि जो जंगलात खूप राबतो तो लिहीत नाही, जो खूप लिहितो तो राबत नाही. हे तिसरं कारण वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अजून एक सांगतो. मिश्र जंगल बरं, हे त्यांनी १८२८ मध्येच लिहिलं: सगळ्या जाती जमिनीतून एकसारखं घेत नाहीत, म्हणून एकत्र जोमाने वाढतात, आणि कीड नि वादळही तितकं नुकसान करत नाही. तरी पुढच्या पिढ्यांनी सॅक्सनीभर एकट्या स्प्रूसच्या, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या, रांगा लावल्या. लवकर वाढतो, पैसा देतो म्हणून. त्याची किंमत वादळात आणि खोडकिड्यांच्या साथीत मोजावी लागली. उमेदीच्या वर्षांत मीही एका माळावर नुसतं गिरिपुष्प हे भराभर वाढणारं झाड लावलं होतं, झटपट हिरवं दिसावं म्हणून. माळ हिरवा झाला, पण गुरांना चरायला खाली गवत उरलं नाही. ती चूक सर्वस्वी माझी.

जर्मन वनशास्त्र आपल्याकडेही आलं. १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डीट्रिश ब्रँडिस जर्मनच. कार्य आयोजना (जंगलात कुठे, कधी, काय करायचं याचा लेखी आराखडा), कक्ष क्रमांक हे तू रोज ऐकतेस ते शब्द त्याच परंपरेतले.

कोट्टा ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्यासाठी ऐंशी ओक लावले गेले. पुढच्याच वर्षी ते गेले. त्या ओकांमध्येच त्यांना पुरलं आहे.

तू आता एवढं कर. दसऱ्यानंतर टेकडीवर जा. जगलेली रोपं मोज, मेलेल्यांच्या खड्ड्यांत मुरूम किती खोलीवर लागतो ते काठीने बघ, उताराची दिशा लिही, जवळ आपोआप काय उगवलंय तेही लिही. वही घेऊन ये, आपण ओळीने वाचू.